पाण्याखालील स्कूटर आणि पाणबुड्यांचा शिष्टाचार

कोणतेंही नवें वाहन समाजांत आलें, कीं त्याच्या पाठोपाठ एक नवा शिष्टाचार यावा लागतो. आणि वाहन लवकर येतें, शिष्टाचार मात्र उशिरां येतो, हा नेहमींचा अनुभव आहे. सायकल गांवोगांवीं आली तेव्हां घंटी, दिवा आणि डावी बाजू या तीन गोष्टी लोकांच्या अंगवळणीं पडण्यास कित्येक वर्षें लागलीं. आजहि चोपड्यासारख्या गांवीं बाजाराच्या दिवशीं भाजीपाल्याच्या पाट्यांमधून वाट काढतांना जो समंजस सायकलस्वार असतो, तो घंटी वाजवीत गर्दींत घुसत नाहीं. खालीं उतरतो आणि सायकल हातांत धरून चालूं लागतो. तसा कायदा त्याला कोणी दाखविलेला नसतो. आपल्याजवळ वेग आहे आणि समोरच्या म्हातारीजवळ तो नाहीं, एवढी जाणीव त्याला पुरेशी होते.

हाच प्रश्न आतां समुद्राच्या पाण्याखालीं उभा राहिला आहे. पाठीवर हवेची टाकी बांधून बुडी मारणाऱ्या पाणबुड्यांच्या हातीं विजेवर चालणारें एक वाहन आलें आहे. त्याला पाण्याखालील स्कूटर असें म्हणतात. हें वाहन कोणीं, कोठें आणि कसें वापरावें, याविषयीं पाणबुड्यांत तीव्र मतभेद आहेत. खानदेशापासून समुद्र दूर आहे हें खरें. तथापि दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटींत मालवण-तारकर्लीस जाऊन मुलांना समुद्रतळ दाखवून आणणारीं कुटुंबें या भागांतहि आतां आढळतात. यास्तव हा वाद केवळ कोंकणच्या किनाऱ्यावरील हौशी लोकांचा राहिलेला नाहीं.

प्रथम हें यंत्र काय आहे तें पाहूं. एक जलबंद नळकांडें, त्यांत बॅटरी व मोटर, मागील बाजूस कड्याच्या आंत बसविलेला पंखा, आणि धरण्यास मुठी, एवढाच त्याचा संसार. मुठीजवळील खटका दाबला कीं पंखा फिरतो आणि सोडला कीं थांबतो. चालविणाराचा हात सुटला तर यंत्रानें स्वैर धांवत सुटूं नये, म्हणून ही योजना. लहान यंत्र दोन्ही हातांनीं पुढें धरावयाचें आणि त्याच्या मागें ओढलें जावयाचें. मोठ्या यंत्राचा दोर पाणबुड्याच्या अंगावरील पट्ट्यास अडकवितात, म्हणजे सारा ताण दंडांवर न येतां शरीरावर येतो. मॉरिशसमध्यें, जेथें मराठी कुळें पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत, पर्यटकांना पाण्याखालीं वर बसून चालवावयाच्या स्कूटरीहि मिळतात. परंतु ती करमणुकीची निराळी सोय होय. येथें विचार आहे तो पाणबुड्यास ओढून नेणाऱ्या यंत्राचा.

या यंत्राची जन्मकथा युद्धांतील आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १ नोव्हेंबर १९१८ रोजीं, रोसेत्ती आणि पावलुच्ची या दोन इटालियन अधिकाऱ्यांनीं एका फेरफार केलेल्या टॉर्पेडोच्या आधारानें पोला बंदरांत शिरून ‘व्हिरिबुस युनिटिस’ ही प्रचंड युद्धनौका बुडविली. दुसऱ्या महायुद्धांत, १९ डिसेंबर १९४१ रोजीं, सहा इटालियन पाणबुडे असल्याच तीन वाहनांवर स्वार होऊन अलेक्झांड्रिया बंदरांत शिरले आणि ‘क्वीन एलिझाबेथ’ व ‘व्हॅलियंट’ या दोन ब्रिटिश युद्धनौका त्यांनीं निकामी केल्या. पुढें १९४३ सालीं फ्रान्समध्यें झाक कूस्तो व एमिल गान्यां यांनीं पाणबुड्यास हवी तेव्हां आणि भोवतालच्या दाबाइतक्याच दाबाची हवा देणारें श्वसनयंत्र सिद्ध केलें, आणि बुडी मारणें ही सैनिकांपुरती गोष्ट न राहतां सामान्य माणसाच्या आटोक्यांत आली. १९६५ सालच्या ‘थंडरबॉल’ या बोलपटांत पाण्याखालील वाहनांच्या झुंजी लाखों लोकांनीं पाहिल्या, आणि या यंत्राविषयींचें कुतूहल घरोघर पोंचलें. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. कोणाला न कळतां जवळ जावें, यासाठीं या वाहनाचा जन्म झाला. आजच्या पाणबुड्याचा शिष्टाचार त्याच्याकडून नेमकें उलट मागतो. जवळ जाण्यापूर्वीं समोरच्याला कळलें पाहिजे.

पाणबुड्यास स्कूटर हवीशी वाटते याचें कारण पाण्याच्या स्वभावांत आहे. पाणी हवेपेक्षां सुमारें आठशें पट दाट आहे. पायांत रबरी पंख घालून सावकाश जाणारा पाणबुड्या ताशीं दीड किलोमीटरच्या आसपास जातो. त्यानें दुप्पट वेगानें जाण्याचें मनांत आणलें, तर पाण्याचा विरोध दुपटीनें नव्हे, चौपटीनें वाढतो, आणि त्यासाठीं दर क्षणाला लागणारी शक्ति आठपट होते. दमलेला मनुष्य अधिक श्वास घेतो, आणि पाठीवरची हवा तर मोजकी. उलट स्कूटर हातीं असली तर ताशीं तीन ते पांच किलोमीटर वेगानें, पाय न हलवितां आणि संथ श्वास घेत, तो दूरवर जाऊं शकतो. प्रवाह समोरून येत असेल तर ही मदत आणखीच मोलाची ठरते. अर्थात् आठपटीचा तो नियम यंत्रासहि चुकत नाहीं. पूर्ण वेगानें दामटलेल्या स्कूटरीची बॅटरी पाहतां पाहतां रिकामी होते.

मग यांत आक्षेप घेण्यासारखें काय आहे? पाणबुड्यांत याविषयीं साधारणतः तीन मतें दिसतात.

पहिलें मत जुन्या वळणाच्या पाणबुड्यांचें. ते म्हणतात कीं, बुडी ही पाहण्यासाठीं आहे, धांवण्यासाठीं नव्हे. खडकाच्या एका कपारीजवळ दहा मिनिटें स्थिर राहणाऱ्यास जें दिसतें, तें कपारीवरून भरधांव जाणाऱ्यास कधींहि दिसणार नाहीं. शिवाय पाण्यांत न बुडतां न तरंगतां एका पातळीवर राहणें, पायांचे पंख वाळूस न लागूं देणें, आणि श्वासावर ताबा ठेवणें, ही खरी विद्या होय. ज्याला ती साधली नाहीं तो स्कूटरीच्या ओढीमागें आपलें अपुरेपण लपवितो, आणि यंत्र थांबलें कीं तें उघडें पडतें. या मतांत तथ्य आहे. परंतु त्यांत थोडा अहंकारहि आहे. श्वास रोखून बुडी मारणारा मनुष्य उद्यां असें म्हणूं शकेल कीं, पाठीवर टाकी बांधणारा तरी कोठें स्वतःच्या बळावर उतरतो? साधन वापरलें एवढ्यानेंच कोणी कमी प्रतीचा ठरत नाहीं.

दुसरें मत काम करणाऱ्यांचें. पाण्याखालील गुहांचें संशोधन करणारे, प्रवाळांची पाहणी करणारे, छायाचित्रें घेणारे यांना स्कूटर ही हौस नसून हत्यार आहे. फ्लोरिडांतील वकुल्ला येथील जलमग्न गुहा किलोमीटरच्या किलोमीटर पसरलेल्या आहेत. त्यांचे नकाशे स्कूटरीवांचून तयार झालेच नसते. आणखी एक वर्ग येथें विसरतां कामा नये. ज्यांच्या पायांत बळ नाहीं, अशा अपंग स्त्रीपुरुषांना हें यंत्र पाण्यांत इतरांच्या बरोबरीनें जाण्याचें स्वातंत्र्य देतें. त्यांच्या हातांतील स्कूटरीकडे पाहून आळसाचा आरोप करणें हाच मोठा असभ्यपणा होय.

तिसरें मत नुसत्या मौजेचें. वेग आवडतो, म्हणून वेग पाहिजे. मौजेंत वावगें कांहींच नाहीं. परंतु बहुतेक तक्रारी याच वर्गाविषयीं असतात. त्या समजण्यास पाण्याखालचा मनुष्य कोणत्या परिस्थितींत असतो हें नीट पाहिलें पाहिजे, कारण सर्व शिष्टाचाराचें मूळ तेथें आहे.

रस्त्यावर चालणाऱ्यास मागून येणाऱ्या वाहनाची चाहूल लागते. घंटी ऐकूं येते, ती कोणत्या बाजूची तें कळतें, मान वळवून पाहतां येतें, आणि वेळ पडली तर ओरडतां येतें. पाण्याखालीं यांपैकीं एकहि साधन नीट चालत नाहीं. ध्वनि हवेंत सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो, पाण्यांत सुमारें १,५०० मीटर. कोणता आवाज कोणत्या कानावर किंचित् आधीं पडला, यावरूनहि मेंदू दिशा ओळखीत असतो. पाण्यांत हा फरक इतका सूक्ष्म होतो कीं आवाज सगळीकडून येत आहे असा भास होतो. म्हणजे स्कूटरीची घरघर पाणबुड्यास ऐकूं येते, परंतु ती मागून येते कीं वरून, हें समजत नाहीं. डोळ्यांवरील काचेच्या मुखवट्यामुळें दोन्ही बाजूंचें दृश्य कापलें जातें, आणि समोरची वस्तु तिच्या खऱ्या अंतराच्या तीन चतुर्थांश अंतरावर आहे असें दिसतें. तोंडांत श्वासनळी असल्यामुळें बोलणें शक्य नाहीं. अशा मनुष्याजवळून दुप्पट-तिप्पट वेगानें कोणी गेला तर तो दचकतो. आणि जमिनीवर दचकणें व पाण्याखालीं दचकणें यांत फार मोठें अंतर आहे. नवशिका दचकून श्वास रोखतो आणि वर जाऊं पाहतो. प्राणावर बेतण्याची वाट नेमकी हीच.

याचें कारण सोपें आहे. समुद्रांत दर दहा मीटर खोलीस सुमारें एका वातावरणाचा दाब वाढतो. दहा मीटरांवर छाती भरून घेतलेला श्वास पृष्ठभागीं येतां येतां दुप्पट जागा मागतो. श्वास सोडीत वर येणारास त्यापासून भय नाहीं. श्वास कोंडून येणाराचें फुप्फुस मात्र दोन-तीन मीटरांच्या चढणींतहि फाटूं शकतें. खोल विहिरीच्या तळाशीं गेलेली कळशी काढण्यासाठीं ज्यानें बुडी मारली आहे, त्याला कानांवर येणारा दाब ठाऊक असतो. समुद्रांतील पाणबुड्याच्या अडचणी याच दाबाच्या मोठ्या बहिणी होत.

आतां विहिरीचा उल्लेख आलाच आहे, तर खानदेशांतील विहिरींवर पोहणाऱ्या मुलांचा जुना दंडक आठवावा. कांठावरून मुटका मारण्यापूर्वीं खालीं कोण आहे तें पाहावयाचें, हांक द्यावयाची, आणि खालचा बाजूस होईपर्यंत थांबावयाचें. खालच्यानें वर लक्ष ठेवावें, अशी अपेक्षा कोणी करीत नाहीं. वरच्याला खालचा दिसतो, खालच्याला वरचा दिसत नाहीं. म्हणून सांभाळण्याची जबाबदारी वरच्याची. ज्याला दिसतें आणि ज्याला थांबतां येतें, त्यानें थांबावें. पाण्याखालील स्कूटरीचा सारा शिष्टाचार या एका वाक्यांत सामावतो. पुढचे नियम हा त्याचाच विस्तार आहे.

पहिला नियम पाण्यांत उतरण्यापूर्वींचा. स्कूटर बरोबर आणावयाची असेल तर होडीच्या प्रमुखास व बुडीचें नेतृत्व करणारास आधीं सांगावें, आणि त्यांनीं नको म्हटलें तर मुकाट्यानें ऐकावें. पाणबुडे जोडीजोडीनें उतरतात. एकाची हवा संपली तर दुसऱ्यानें ती द्यावी, हा त्यांतील हेतु. एकाजवळ स्कूटर आणि दुसरा पायांवर, अशी जोडी असली, तर एका मिनिटांत ती जोडी राहत नाहीं. म्हणून दोघांजवळहि यंत्रें असावीं, किंवा यंत्रवाल्यानें जोडीदाराच्या पायांच्या वेगानेंच जावें. ज्याला आपला वेग जोडीदारासाठीं कमी करणें जड वाटतें, त्याला जोडीदार म्हणून कोणी पसंत करीत नाहीं.

दुसरा नियम भेटीचा. समोर इतर पाणबुडे दिसतांच खटका सोडावा आणि पायांनीं जावें; हें बाजारांत सायकलवरून उतरण्यासारखें आहे. ओलांडावयाचेंच असेल तर बऱ्याच अंतरावरून, समोरच्याच्या दृष्टीस पडेल अशा बाजूनें ओलांडावें. कोणाच्या डोक्यावरून किंवा पायांखालून कधींहि जाऊं नये, कारण मनुष्य वर येऊं लागला तर तो पाहून येईलच असें नाहीं. पाण्याखालचें संभाषण हातांच्या खुणांनीं चालतें. अंगठा व तर्जनी यांचें वर्तुळ केलें म्हणजे ‘सर्व ठीक’, आणि अंगठा वर केला म्हणजे ‘वर चला’. दोन्ही हातांनीं यंत्र धरून धांवणारा या खुणा करूं शकत नाहीं व बहुधा पाहतहि नाहीं. तेव्हां बोलावयाचें असेल तर आधीं थांबावें, हा पाण्यांतहि सभ्य संभाषणाचा नियमच ठरतो.

तिसरा नियम जे तक्रार करूं शकत नाहींत त्यांच्यासाठीं आहे. पंख्यामागून निघणारा पाण्याचा झोत तळाशीं लागला कीं वाळू व गाळ उठतो. मागून येणारांची दृष्टि त्यानें बुजतेच. शिवाय तो गाळ प्रवाळांवर बसतो. प्रवाळ म्हणजे रंगीत दगड नव्हे. असंख्य सूक्ष्म प्राण्यांची ती वसाहत आहे आणि गाळाखालीं ते गुदमरतात. खडक बांधणाऱ्या प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें वाघाच्याच पंक्तींत, पहिल्या अनुसूचींत, स्थान दिलें आहे. कांसवाच्या मागें स्कूटर घेऊन लागणें हा तर निव्वळ छळ होय. कांसवास श्वासासाठीं पृष्ठभागावर यावें लागतें. पाठलागानें दमलेल्या त्या प्राण्याची हवा आधींच संपते, आणि पाठलाग करणाराच्या पाठीवर मात्र टाकी असते.

चवथा नियम चढउताराचा. वर येतांना मिनिटास सुमारें नऊ मीटर, याहून अधिक वेग नसावा, असें आज पाणबुड्यांस शिकवितात. ताशीं चार किलोमीटर जाणारी स्कूटर मिनिटास सहासष्ट मीटर जाते. तिचें तोंड वर वळलें तर दहा मीटरांची चढण नऊ सेकंदांत संपेल. म्हणजे सुरक्षित वेगाच्या सातपटीहून अधिक. यास्तव यंत्राच्या जोरावर वर येऊं नये, पंखा थांबवूनच यावें, हा नियम शिष्टाचाराच्याहि पलीकडचा आहे. उतरतांनाहि कानांना वेळ द्यावा लागतो, आणि यंत्र कानांसाठीं थांबत नाहीं.

पांचवा नियम अंतराचा, आणि तो अंकगणितानें अधिक चांगला समजतो. बारा लिटरांच्या टाकींत २०० बार दाबानें भरलेली हवा सुमारें २,४०० लिटर होते. पृष्ठभागावर मिनिटास २० लिटर हवा वापरणाऱ्या पाणबुड्यास दहा मीटर खोलीवर ४० लिटर लागतात. तो स्कूटरीवर ताशीं चार किलोमीटर वेगानें पंधरा मिनिटें गेला, म्हणजे एक किलोमीटर दूर पोंचला आणि त्यानें ६०० लिटर हवा खर्च केली. आतां बॅटरी बंद पडली. परत पायांनीं यावयाचें तर ताशीं दीड किलोमीटरप्रमाणें चाळीस मिनिटें लागतील, आणि संथपणें गेला तरी १,६०० लिटर हवा लागेल. शिल्लक आहे १,८०० लिटर. परंतु त्यांतील ५० बार, म्हणजे ६०० लिटर, संकटासाठीं राखून ठेवावयाची असते. हिशेब जुळत नाहीं. त्यास मध्येंच वर यावें लागतें, होडीपासून दूर, लाटांत, कदाचित् प्रवाहांत. आणि मग होडीवरील सर्व मंडळी आपली बुडी सोडून त्याचा शोध घेऊं लागतात. म्हणून जाणते पाणबुडे सांगतात कीं, किती दूर जावें हें बॅटरीनें ठरवूं नये, पायांनीं आणि हवेनें ठरवावें. स्वतःच्या धाडसाची किंमत दुसऱ्यांना द्यावी लागणार नाहीं, ही खबरदारी हाच येथें शिष्टाचार.

शेवटचा नियम होडीवरचा. वर चढतांना आधीं यंत्र बंद करून वर द्यावें आणि मग शिडीस हात लावावा. शिडीजवळ फिरता पंखा असणें म्हणजे गर्दींत उघडें कोयतें घेऊन फिरण्यासारखें आहे. बॅटरी भारित करावयाची ती कोणी जागें असतांना आणि प्रमुखाच्या संमतीनें. २ सप्टेंबर २०१९ रोजीं पहाटें कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ ‘कन्सेप्शन’ या पाणबुड्यांच्या बोटीस आग लागून ३४ माणसें प्राणांस मुकलीं. आग कशानें लागली हें तपासांत निश्चित ठरलें नाहीं. परंतु रात्रीं निजतांना भारित होत ठेवलेल्या लिथियम बॅटरींकडे त्यानंतर सर्वत्र संशयानें पाहिलें जाऊं लागलें. विमान कंपन्यांचेहि याविषयीं कडक नियम आहेत. १०० वॅट-तासांपर्यंतची सुटी बॅटरी हातच्या सामानांत चालते, १०० ते १६० पर्यंतची कंपनीच्या संमतीनें. त्याहून मोठी स्कूटर-बॅटरी घेऊन उतारूंच्या विमानांत बसतां येत नाहीं.

आतां हे नियम आपल्या किनाऱ्यास लावून पाहूं. शिवाजी महाराजांनीं १६६४ सालीं मालवणजवळच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधावयास घेतला. त्या किल्ल्याच्या परिसरांतील खडकांवर प्रवाळ आहेत, आणि १९८७ सालीं तेथील सुमारें २९ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालें. तारकर्लीस महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळानें पाणबुड्यांच्या शिक्षणासाठीं संस्थाहि काढली आहे. मालवणास बुडी मारणारांत मोठा भरणा पहिल्यानेंच उतरणारांचा असतो. त्यांतील पुष्कळांना पोहतांहि येत नाहीं. प्रशिक्षक त्यांना धरून थोड्या खोलीवर नेतो, मासे दाखवितो आणि वर आणतो. पाणी कांहीं दिवस स्वच्छ, कांहीं दिवस गढूळ. उथळ खडकांच्या लहानशा जागीं अनेक होड्यांतील नवशिके एकाच वेळीं उतरलेले असतात. अशा ठिकाणीं स्कूटर चालविणें म्हणजे शाळा सुटण्याच्या वेळीं फाटकांतून मोटार हांकण्यासारखें आहे. हांकणारा कितीहि कुशल असला तरी ती जागा त्याच्या कौशल्याची नव्हे.

परंतु याच जिल्ह्याच्या समुद्रांत निराळ्याहि जागा आहेत. विजयदुर्गापासून पश्चिमेस सुमारें १०५ किलोमीटरांवर आंग्रे बँक हें कान्होजी आंग्र्यांचें नांव धारण करणारें बुडालेलें पठार आहे. सुमारें चाळीस किलोमीटर लांब, आणि त्याचा माथाहि पाण्याखालीं वीस मीटरांच्या आसपास. एवढ्या विस्ताराची पाहणी पायांनीं करणें कठीण. तेथें शिक्षित पाणबुड्यांच्या हातीं स्कूटर शोभून दिसेल. नौदलाची ‘गुलदार’ ही सुमारें ८४ मीटर लांबीची नौका १२ जानेवारी २०२४ रोजीं सेवानिवृत्त झाली, आणि निवतीच्या समुद्रांत ती तळाशीं ठेवून पाण्याखालील संग्रहालय करण्याची योजना राज्यानें हातीं घेतली. असल्या नौकेभोंवतीं मोकळ्या पाण्यांतून फेरी घालण्यास यंत्र उपयोगी. तिच्या अंतर्भागांत, जेथें गाळ उठला तर वाट दिसेनाशी होते, तेथें तें दाराबाहेरच ठेवावें. एकच यंत्र एका जागीं सोईचें आणि दुसऱ्या जागीं उपद्रवी ठरतें. म्हणून ‘स्कूटर बरी कीं वाईट’ हा प्रश्नच अपुरा आहे. ती कोठें आणि कोणाच्या शेजारीं चालली आहे, हें विचारलें पाहिजे.

मुलांस घेऊन किनाऱ्यावर जाणाऱ्या गृहस्थांनीं यांतून व्यवहारापुरतें एवढें घ्यावें. होडींत बसण्यापूर्वीं प्रशिक्षकास विचारावें कीं, माझ्या मुलाजवळ पाण्यांत पूर्ण वेळ कोण असेल, आणि त्याच जागीं कोणी यंत्रें चालविणार आहे काय. उत्तर समाधानकारक नसेल तर त्या दिवशीं किल्ला पाहून परतावें. समुद्र पुढच्या वर्षींहि तेथेंच असेल. आणि मुलास एक गोष्ट घरूनच शिकवून न्यावी: पाण्याखालीं काय वाटेल तें झालें तरी श्वास रोखावयाचा नाहीं. ज्या मुलानें स्कूटरीचा हट्ट धरला असेल, त्याला आधीं पायांनीं नीट जावयास, एका जागीं स्थिर राहावयास आणि जोडीदाराकडे लक्ष ठेवावयास शिकूं द्यावें. यंत्र त्यानंतर खुशाल हातीं द्यावें.

वाहनांचा वेग कारखान्यांत तयार होतो आणि बाजारांत विकत मिळतो. तो केव्हां सोडावयाचा, ही समज मात्र घरांत, शाळेंत आणि गांवच्या विहिरीवरच तयार होते. ज्या मुलानें मुटका मारण्यापूर्वीं खालीं पाहून हांक दिली, त्याला समुद्रांतील शिष्टाचाराचे अर्धे धडे आधींच मिळालेले असतात.